नायजेरियात बेकारी ३३ टक्के की ४ टक्के? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आफ्रिकेतल्या रोजगाराविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांचा रोख नायजेरियाकडे आहे. ते साहजिकच आहे, कारण त्या देशाचे आकडे वाचून कुणीही चक्रावून जाईल. म्हणून या वेळचे सदर त्याच एका देशाला दिले आहे.

प्रश्न : २०२० च्या अखेरीस नायजेरियात बेकारी ३३.३ टक्के असल्याचे वाचले होते. आता सगळीकडे ४ ते ५ टक्के छापून येते. मधल्या काळात तर तिथे महागाई भडकली, तिथले चलन नायरा कोसळले. मग एवढ्या नोकऱ्या आल्या कुठून?

उत्तर : नोकऱ्या आल्या नाहीत, मोजपट्टी बदलली.

तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी ब्युरोची जुनी पद्धत अशी होती. वय १५ ते ६४ आणि आठवड्यात २० तासांपेक्षा कमी काम, तर माणूस बेकार. २० ते ३९ तास काम असेल तर अर्धबेकार. ४० तास किंवा जास्त असेल तरच पूर्ण रोजगार. या हिशेबाने २०२० च्या चौथ्या तिमाहीत बेकारी ३३.३ टक्के आणि अर्धबेकारी २२.८ टक्के निघाली. म्हणजे दोन्ही मिळून श्रमशक्तीतले निम्म्याहून अधिक लोक. १५ ते ३४ वयोगटात तर नुसती बेकारीच ४२.५ टक्के होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये ब्युरोने नव्या पद्धतीचे आकडे काढले. आता गेल्या सात दिवसांत पगारासाठी किंवा नफ्यासाठी एक तास जरी काम केले असेल, तरी तो माणूस रोजगारात. बेकार ठरायला तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात : एक तासही काम नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधण्याची खटपट केली आहे, आणि मिळाले तर लगेच रुजू व्हायची तयारी आहे. वयाची वरची मर्यादाही काढून टाकली. या पट्टीने २०२२ ची चौथी तिमाही ५.३ टक्क्यांवर आली आणि २०२३ ची पहिली ४.१ वर.

समजा, एक बाई रोज सकाळी चवळी भिजवून, वाटून, तिचे अकारा तळून रस्त्याच्या कडेला विकते. तयारीसह अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १५ तास. जुन्या हिशेबात ती बेकार, नव्यात रोजगारात. तिच्या गल्ल्यात मात्र एका नायराचाही फरक पडलेला नाही.

उलट बाजूही आहे आणि तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. घरापुरता कसावा (साबुदाण्याचा कंद) पिकवणारा शेतकरी आठवड्याला ४० तास राबत असेल, तर जुन्या पद्धतीत तो पूर्ण रोजगारात होता. नव्या पद्धतीत मुख्यतः घरी खाण्यासाठी केलेली शेती रोजगारात धरत नाहीत. तो दुसरे काम शोधत नसेल, तर बेकारही नाही. तो श्रमशक्तीच्या बाहेरच जातो.

हा सरकारचा कावा आहे का, असेही तुम्ही पुढे विचारले आहे. एक तासाची अट जगभर आहे, आणि घरापुरत्या शेतीचा नियम २०१३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकी परिषदेत ठरला. त्यामुळे पद्धतीत खोट नाही. मात्र आकडा बाहेर आला तो पेट्रोलचे अनुदान गेल्यानंतर आणि नायराचा दर सरकारने बाजारावर सोडल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत. लोकांनी संशय घेतला त्यात नवल नाही.

प्रश्न : मग ४ टक्के हा आकडा निरुपयोगीच म्हणायचा का? नेमके काय पाहावे?

उत्तर : निरुपयोगी नाही, पण एकटा काही बोलत नाही. ज्या देशात बेकारी भत्ता नाही, तिथे बेकार राहणे गरिबाला परवडत नाही. घरी बसून काम शोधायचे तर कुणीतरी पोसणारा लागतो. म्हणून बेकारीच्या शेजारचे रकाने वाचायचे.

२०२४ ची दुसरी तिमाही घ्या. कामाच्या वयाची, म्हणजे १५ वर्षांवरची, १०० माणसे डोळ्यांसमोर आणा. श्रमशक्तीतला सहभाग ७९.५ टक्के, म्हणजे जवळपास ८० जण काम करतात किंवा शोधतात. बेकारीचा दर ४.३ टक्के, पण तो १०० चा नाही, या ८० चा. म्हणजे बेकार साडेतीनच्या आसपास. उरले ७६ कामात. या ७६ पैकी ८५.६ टक्के स्वतःचाच धंदा करणारे किंवा घरच्या धंद्यात हात लावणारे, म्हणजे ६५. पगारावर फक्त ११.

हा ११ चा आकडा लक्षात ठेवा. नोकरी म्हटल्यावर आपल्या मनात जे चित्र येते, महिन्याच्या महिन्याला पगार, ते शंभरातल्या अकरांच्याच वाट्याला येते. आणि त्या अकरांतही कुणाच्या तरी दुकानात लेखी कराराशिवाय काम करणारे आले. त्या तिमाहीत असंघटित रोजगाराचे प्रमाण ९३ टक्के होते.

आणखी एक रकाना पाहा : तासांअभावी अर्धबेकारी. ४० तासांपेक्षा कमी काम आहे, आणखी करायची इच्छा आणि तयारी आहे, असे लोक यात येतात. २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत हे प्रमाण १२.३ टक्के होते, २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत ९.२. बेकारीच्या तुलनेत हा आकडा दुपटीपासून तिपटीपर्यंत राहिला आहे. मंदीची झळ तिथे आधी याच रकान्यात दिसते, कारण धंदा बंद होत नाही, गिऱ्हाईक कमी होते.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी नायजेरियाचा गेल्या पंधरा वर्षांचा बेकारीचा आलेख काढायचा आहे. आकडे कुठून घेऊ?

उत्तर : एकाच रेषेत पंधरा वर्षे काढू नका, प्रकल्प तिथेच फसेल. या काळात मोजपट्टी दोनदा बदलली आहे. २०१५ पूर्वी ४० तासांखालचा प्रत्येक जण बेकार धरला जाई. २०१५ मध्ये ती रेघ २० तासांवर आणली आणि २०२३ मध्ये एका तासावर. म्हणून तीन तुकडे वेगळे काढा आणि मध्ये रेषा तोडा.

सगळ्यांत बोलका तुकडा मधला आहे. २० तासांच्या एकाच पद्धतीने २०१४ च्या चौथ्या तिमाहीत ६.४, २०१५ च्या चौथ्या तिमाहीत १०.४, २०१६ च्या चौथ्यात १४.२, २०१८ च्या तिसऱ्यात २३.१, २०२० च्या दुसऱ्यात २७.१ आणि चौथ्यात ३३.३ टक्के. पट्टी तीच असताना सहा वर्षांत पाचपट. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव गडगडले, २०१६ मध्ये अर्थव्यवस्था आकसली, डॉलरची टंचाई आली आणि २०२० मध्ये कोविड. ही चढण खरी आहे. पट्टीवर तिचे खापर फोडता येणार नाही.

आकडे ब्युरोच्या संकेतस्थळावरील ई-लायब्ररीतून तिमाहीवार घ्या. प्रत्येक अहवालाच्या शेवटी व्याख्यांचे पान असते, ते आधी वाचा. जागतिक बँकेच्या तक्त्यात दोन वेगळ्या मालिका आहेत : एक राष्ट्रीय अंदाजांची, दुसरी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रतिमानावरून काढलेली. पहिलीत वेगवेगळ्या पट्ट्यांचे आकडे एकत्र येऊ शकतात. दुसरी सलग दिसते, पण नवी माहिती आली की मागची वर्षेही बदलतात. म्हणून आकडा कोणत्या तारखेला उतरवला ते तळटीपेत लिहा. दोन्ही मालिका मिसळल्या की परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतो.

नमुन्याचेही पाहा. नवी पाहणी वर्षभरात ३५,५२० कुटुंबांची आहे, ती बारा महिन्यांत विभागलेली. तिमाहीला त्यातला सुमारे चौथा हिस्सा येतो. तेवढ्यावर देशाचा आकडा काढता येतो, ३६ राज्यांचा वेगवेगळा नाही. राज्यांची तुलना करायची असेल तर वार्षिक अहवालच वापरा. शिवाय शेवटची जनगणना २००६ ची आहे, त्यामुळे टक्केवारीवरून 'इतके कोटी बेकार' असे गणित मांडताना हात राखून मांडा.

प्रश्न : पदवीधरांत बेकारी जास्त दिसते. शिक्षणाचा दर्जा हेच कारण ना?

उत्तर : तेवढेच नाही. २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत देशाचा दर ५ टक्के होता आणि माध्यमिक शाळेपुढे शिकलेल्यांचा ७.८. याचा एक भाग वर सांगितलेल्या कारणाने आहे : ज्याच्या घरी पदवीपर्यंत शिकवायची ऐपत आहे, त्याला काही महिने थांबणे जमते.

दुसरा भाग कॅलेंडरचा आहे. सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या संघटनेचा संप २०२० मध्ये सुमारे नऊ महिने चालला आणि २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीपासून आठ महिने. चार वर्षांची पदवी सहा वर्षांची होते. त्यानंतर एक वर्ष राष्ट्रीय युवा सेवेचे. १९७३ पासूनची ही योजना तिशीच्या आत पदवी घेणाऱ्यांना सक्तीची आहे. तीन आठवडे छावणी, मग शक्यतो परक्या राज्यात नेमणूक, बहुतेकदा शाळेत शिकवण्याची. मासिक भत्ता ३३,००० नायरा होता, २०२५ पासून प्रत्यक्षात ७७,००० मिळू लागला. सेवा पूर्ण झाल्याचा दाखला नसेल तर चांगली कंपनी अर्ज उघडूनही पाहत नाही.

आणि मग बँकेची प्रशिक्षणार्थींची जाहिरात येते : वय २६ च्या आत, पदवी उच्च द्वितीय श्रेणीची. संपात दोन वर्षे गेलेला मुलगा वयाच्या अटीवरच बाद. दर्जाच्या गप्पा त्यानंतरच्या.

प्रश्न : तेल एवढे, माणसे एवढी, बाजारपेठ एवढी. तरीही कारखाने का टिकत नाहीत?

उत्तर : तेल पैसा देते, हाताला काम देत नाही. विहिरीवर आणि जहाजावर यंत्रे जास्त, माणसे मोजकी. लागोसजवळचा दांगोटे तेलशुद्धीकरण कारखाना दिवसाला साडेसहा लाख पिंपे शुद्ध करू शकतो. तो उभारताना हजारो हात लागले, पण चालवायला त्याच्या तुलनेत थोडेच पुरतात. आणि तेलाच्या डॉलरांनी नायरा महाग ठेवला की आयात स्वस्त होते, देशी कारखानदार मार खातो.

कारखाने कसे मेले हे पाहायचे तर कडुनाच्या कापडगिरण्या पाहा. १९८० च्या दशकात नायजेरियात शंभराहून अधिक गिरण्या होत्या आणि लाखो कामगार. उत्तरेतली कडुना आणि कानो ही त्यांची मोठी गावे. कडुनातली मोठी युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्स २००७ मध्ये बंद पडली. २०१० मध्ये पुन्हा सुरू केली, पण जुनी गिरणी काही परत उभी राहिली नाही.

गिरणीत वीज गेली की नुसते काम थांबत नाही. माग मध्येच थांबतो, ताण्यातले धागे तुटतात, वीज आल्यावर जिथून विणणे सुरू होते तिथे कापडावर आडवी रेघ उमटते. तेवढा तागा दुय्यम मालात जातो. रंगाईत वाफ लागते, बॉयलर काळ्या जड तेलावर चालत. देश तेलाचा, पण सरकारी शुद्धीकरण कारखाने धड चालत नसल्याने ते काळे तेलच महाग आणि अनियमित. त्यात बेनिनच्या वाटेने आणि उत्तरेच्या सीमेवरून चोरटे चिनी कापड आले, तेही नायजेरियन गिरण्यांचे शिक्के मारून. देशी ताग्याच्या निम्म्या भावात.

वीज आजही तिथेच अडते. उभारलेली क्षमता १३,००० मेगावॅटच्या आसपास, प्रत्यक्षात तारांतून येते ४,००० ते ५,०००, तेही वीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात. एप्रिल २०२४ मध्ये रोज २० तास वीज देण्याचे वचन असलेल्या पहिल्या गटाचा दर युनिटला २२५ नायरांवर नेला. ज्याला वचन नाही, तो जनरेटरवर. प्रॉक्टर अँड गँबलने डिसेंबर २०२३ मध्ये तिथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, त्यामागे विजेपेक्षा डॉलरचे कारण मोठे होते : कच्चा माल डॉलरात, विक्री नायरात, आणि जून २०२३ मध्ये ४६० च्या आसपास असलेला डॉलर वर्षभरात १,५०० च्या घरात.

प्रश्न : इग्बो व्यापाऱ्यांकडे मुले वर्षानुवर्षे बिनपगारी राबतात म्हणे. हे शोषण की शिक्षण?

उत्तर : इग्बो हा आग्नेय नायजेरियातला, व्यापारात पुढे असलेला समाज. दोन्ही होऊ शकते. ते शेवटच्या वर्षी ठरते.

पद्धत अशी. घरचे लोक मुलाला ओगाकडे, म्हणजे मालकाकडे सोपवतात. साधारण पाच ते आठ वर्षे तो ओगाच्या घरी राहतो. जेवण, कपडा, निवारा ओगाचा, पगार नाही. पहिली एक-दोन वर्षे झाडलोट, घरकाम, गोदामातले ओझे. मग गिऱ्हाईक, मग वसुली, शेवटी खरेदीला एकट्याने पाठवणे. मुदत संपली की ओगाने त्याला 'सेटल' करायचे : भांडवल, माल किंवा दुकानाचे भाडे देऊन स्वतंत्र करायचे. ओनित्शा, न्नेवी, आबा आणि लागोसचा आलाबा बाजार यातले कितीतरी दुकानदार असेच उभे राहिले. १९७० मध्ये इग्बोबहुल बियाफ्रा प्रांताच्या फुटीची यादवी संपल्यावर बँकेत कितीही शिल्लक असली तरी तिथल्या खातेदाराच्या हाती फक्त २० पौंड ठेवले गेले. अशा वेळी बँकेविना भांडवल उभे करण्याची हीच एक वाट होती.

बिघडते कुठे? सेटल करायची वेळ जवळ आली की काही ओगा मुलावर चोरीचा आळ घेतात आणि रिकाम्या हाताने हाकलतात. लेखी काही नसते. दुसरे कारण नवे आहे. सात वर्षांपूर्वी मनात धरलेल्या रकमेत आज अर्धे दुकानही भरत नाही, कारण माल डॉलरात येतो. भला ओगाही इथे अडकतो. म्हणून जाणती कुटुंबे आता तीन गोष्टी आधी ठरवतात : मुदत, भावकीतले साक्षीदार, आणि रक्कम नायरात न ठरवता मालाच्या नगांत. ज्यांना एवढी वर्षे द्यायची नसतात ते फी भरून कमी मुदतीत धंदा शिकतात. तिथे सेटलमेंट नसते.

पाहणीत असा मुलगा काम करणाऱ्यांतच मोडतो, जेवण आणि निवारा हा मोबदला धरून.

प्रश्न : किमान वेतन महिना ७०,००० नायरा झाले. ते किती जणांना मिळते?

उत्तर : थोड्यांना. २०११ मध्ये १८,०००, २०१९ मध्ये ३०,००० आणि जुलै २०२४ मध्ये ७०,०००. आता दर पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनी फेरविचार होणार आहे. पण २५ पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना कायदा लागू नाही, अर्धवेळ आणि कमिशनवरचे कामगारही बाहेर. शंभरातले अकरा पगारी, त्यातून हे वजा करा. डॉलरात पाहिले तर ही वाढच नाही : २०१९ चे ३०,००० तेव्हाच्या दराने ऐंशी डॉलरांच्या वर जात, २०२४ चे ७०,००० पंचेचाळीसच्या आसपास.

प्रश्न : सरकारी रोजगार योजनांनी काही साधले का?

उत्तर : हंगामी पैसे मिळाले, कायमचे काम क्वचित. २०१६ च्या एन-पॉवर योजनेत पदवीधरांना महिना ३०,००० नायरा देऊन शाळा, दवाखाने, शेतीविस्तार यांत दोन वर्षे लावले. मुदत संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर योजनेत नव्हते. भत्तेही थकले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती स्थगित झाली.

प्रश्न : माझ्या भावाला लागोसजवळच्या एका कारखान्यात देखभाल अभियंत्याची नोकरी देऊ केली आहे. काय तपासावे?

उत्तर : पहिली गोष्ट कोटा. परदेशी माणूस ठेवायला कंपनीकडे गृह मंत्रालयाने दिलेला परदेशी कर्मचाऱ्यांचा कोटा लागतो आणि तो पदाच्या नावाने असतो. मंजुरीपत्राची प्रत मागवा. त्यात त्याचेच पद आहे का आणि मुदत किती उरली आहे, हे पाहा. 'आधी बिझनेस व्हिसावर या, मग बघू' म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. त्या व्हिसावर नोकरी करणे बेकायदा आहे, आणि पकडला जातो तो कामगार.

योग्य मार्ग असा. नायजेरियाच्या दूतावासातून 'नियमित करण्याच्या अटीवर' मिळणारा ९० दिवसांचा व्हिसा घ्यायचा. तिथे पोचल्यावर त्या मुदतीत कंपनीने निवास व काम परवाना काढून द्यायचा. परवान्याचे शुल्क मोठे असते, ते कंपनी भरणार हे नियुक्तिपत्रात लिहून घ्या. नियम अचानक बदलतात : फेब्रुवारी २०२४ मध्ये परदेशी कर्मचाऱ्यांमागे वर्षाला १०,००० डॉलर आणि संचालकांमागे १५,००० डॉलर कर जाहीर झाला आणि काही आठवड्यांतच थांबवला गेला. त्यामुळे 'नवे कर आल्यास कंपनीकडे' हे वाक्यही हवे.

पगाराचे दोन भाग असावेत : तिथल्या खर्चापुरता नायरात, उरलेला डॉलरात थेट मायदेशीच्या खात्यात. सगळा पगार नायरात ठरवणाऱ्यांचा निम्म्याहून अधिक पगार २०२३ नंतरच्या वर्षभरात विरघळला. घर, जनरेटरचे डिझेल, चालकासह गाडी, वैद्यकीय विमा आणि वर्षाला एक परतीचे तिकीट हे वेगळे लिहिलेले असावे. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, दाखला विमानतळावर मागतात. आणि नोकरी देणाऱ्याने 'प्रक्रिया शुल्क' मागितले, तर तिथेच थांबा.